समासातला गोल

पुण्यात हळदीचा मांडव पडला आणि त्यात 'अडकित्त्याला धार लाव' वाजलं नाही, असं गेल्या दहा-अकरा वर्षांत झालेलं नाही. नवरदेवाच्या मावश्या पदर खोचून नाचतात, आत्या रुसल्या असतील तर त्याही उठतात, आणि तेवढ्या वेळात शनिवार पेठेतल्या आपल्या सहा बाय आठच्या दुकानात अकबर शिकलगार धार लावायचं मशीन मुद्दाम चालू करतो. धार लावायला काही नसलं तरी चालू करतो. त्या घरघरीत गाणं बुडतं. पुरतं बुडत नाही, पण तेवढ्यावर भागवायची त्याला सवय झाली आहे.

ते गाणं अकबरने लिहिलेलं आहे. ही गोष्ट आज जगात दोनच माणसांना ठाऊक आहे. एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको नूरबानू. तिसरा होता तो करोनात गेला.

गाणं झालं ते शहाण्णव साली. अकबर तेव्हा तेविसाचा. बाप गेल्यावर दुकान त्याच्याकडे आलं होतं. शिंप्यांच्या कात्र्या, न्हाव्यांचे वस्तरे, पेठेतल्या काकूंच्या विळ्या, सगळ्यांना तो धार लावून द्यायचा. एके दिवशी गंज पेठेतल्या अत्तारांची मुलगी तिच्या नानीचा पितळी मुठीचा अडकित्ता घेऊन आली. "याने सुपारी फुटत नाही," एवढंच म्हणाली. अकबरने धार लावली आणि खात्री करून द्यायची म्हणून शेजारच्या पानवाल्याकडून एक सुपारी आणून फोडली. तिची बरोबर दोन खांडं झाली. एक उडून मुलीच्या ओंजळीत पडलं. दुसरं अकबरने आपण होऊन तिच्या हातावर ठेवलं. ती हसली आणि गेली. ती गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत अकबरने भिंतीवरच्या कॅलेंडरचं ऑगस्टचं पान फाडलं होतं. ऑगस्ट संपायला अजून आठ दिवस होते.

त्या पानामागे दहा मिनिटांत हे उतरलं:

अडकित्त्याला धार लाव रे, धार लाव रे शिकलगारा,
सुपारी फुटंना, काळीज फुटलं, बोल कुणाचा दोष खरा.
आजीचा अडकित्ता, नातीचे डोळे, धार कुणाची जास्त रं,
एका घावात दोन खांडं, अन् दोन्ही तुझ्याच हातात रं.

अकबरचा दोस्त संतोष एका बँडमध्ये गायचा. त्याने चाल लावली. शिकलगार म्हणजे धार लावणारा हे कुणाला कळणार, म्हणून त्याने तिथे 'दिलदारा' घातलं. अकबर म्हणाला, घाल बाबा, मला काय. पुढच्या वर्षी अकबरचं त्याच मुलीशी लग्न झालं आणि लग्नात संतोषने ते गाणं तीनदा म्हटलं. पुढे बँडने त्याची कॅसेटही काढली. नूरबानूने ते कॅलेंडरचं पान नवऱ्याकडून मागून घेतलं आणि कपाटात ठेवलं. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना ती ते गाणं गुणगुणायची. 'शिकलगारा'च म्हणायची.

एवढ्यावर थांबला असता तर अकबर सुखी झाला असता. पण पुण्यात राहायचं आणि सुधारायचं नाही म्हणजे काय!

सुधारायला निमित्त झाले रंगनाथ सर. शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. वर्तमानपत्रातली कात्रणं कापायची कात्री घेऊन ते दुकानात आले आणि अकबरला पावतीपुस्तकाच्या पाठीमागे खरडताना त्यांनी पाहिलं.

"लिहिता?"

"हो सर. गाणी."

"वाचता काय?"

"वाचत नाही, सर."

"म्हणजे न जेवताच ढेकर देता," सर म्हणाले. "रविवारी दहाला वाचनालयाच्या वरच्या खोलीत या. कात्री मंगळवारी नेतो."

अकबर गेला, आणि पुढची सव्वीस वर्षं जातच राहिला. वर्गाचा नियम सोपा होता. आठवड्याला एक पुस्तक वाचायचं, त्यातली एक कविता स्वतःच्या हाताने उतरवून काढायची आणि स्वतःच्या आठ ओळी लिहून आणायच्या. सर त्या आठ ओळी तांबड्या पेन्सिलीने तपासत. चूक दिसली की खाली रेघ. आणि एखादी ओळ लिहिणाऱ्याची अगदी स्वतःची आहे, दुसऱ्या कुणालाही ती सुचली नसती, असं वाटलं, तर समासात एक छोटा गोल. बस्स, शाबासकी नाही की टाळ्या नाहीत. तो गोल वर्षात एखाद्याला मिळे. निवृत्त पोस्टमास्तर हिंमतरावांना दोनदा मिळाला होता आणि तो कागद त्यांनी फ्रेम करून दिवाणखान्यात लावला होता, तोही नातवंडांच्या फोटोंच्या वर.

अकबरला तो गोल हवा होता. दुसरं काही नको होतं. नाव नको, पुस्तक नको, शालजोडी नको. त्या एका माणसाच्या त्या एका पेन्सिलीचा एक गोल.

त्यासाठी त्याने काय केलं नाही! वाचनालयाची कपाटं त्याने वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत उपसली. दोनशे पानी त्रेचाळीस वह्या भरल्या. कात्रीचं पातं दगडावर ओढताना तो मात्रा मोजायचा. नमाज चुकली असेल, आठ ओळी कधी चुकल्या नाहीत. तापाने फणफणला असतानाही त्याने आठ ओळी लिहून भाच्याबरोबर पाठवल्या होत्या. पहिल्या वर्षी त्याच्या कागदावर रेघांची नुसती जाळी असे. पाचव्या वर्षी दोन-तीन उरल्या. दहाव्या वर्षी एकही रेघ येईनाशी झाली. कागद जसा जायचा तसा स्वच्छ परत यायचा. रेघ नाही आणि गोलही नाही.

यात वाचनाचा काही दोष नव्हता. वाचून माणूस मोठा होतो, हे मीही मानतो. पण अकबर भूक लागली म्हणून वाचत नव्हता. आपण त्या खोलीतल्या माणसांपैकी एक आहोत हे त्या माणसांना पटावं, म्हणून वाचत होता. वाचलेलं त्याच्या अंगी लागलं नाही, अंगावर चढलं. हळूहळू त्याच्या कवितेतून सुपारी गेली आणि पूगीफल आलं. काळीज फुटायचं थांबलं, हृदय विदीर्ण होऊ लागलं. ओळखीच्या माणसांची तर कवितेत चाहूलही उरली नाही. एकदा नूरबानू म्हणाली, मला वाचून दाखवा. नूरबानू दहावीपर्यंत शिकलेली, तीही मराठी शाळेत. त्याने चोवीस ओळी खणखणीत वाचल्या. तिने नीट ऐकून घेतलं.

"यात कोण आहे?" तिने विचारलं.

"कोण नाही. भाव आहे."

"बरं," ती म्हणाली आणि दूध उतू जातंय का बघायला उठली.

मग तो वर्गाच्या वर्धापनदिनाचा रविवार आला. त्या दिवशी घरच्या मंडळींनाही बोलावणं असे. नूरबानू नवी साडी नेसून, खोबऱ्याच्या वड्यांचा डबा घेऊन आली होती. दुसऱ्या रांगेत बसली होती. सर शब्दांच्या काटकसरीवर बोलत होते, आणि खालून एक वरात चालली होती. डीजेच्या भिंतीतून 'अडकित्त्याला धार लाव' असं काही आलं की खिडकीच्या काचा थरथरल्या. सर बोलायचे थांबले.

हिंमतराव कपाळाला हात लावून म्हणाले, "काय ही गाणी! अडकित्ता म्हणे!"

"लिहिणाऱ्याने जन्मात एक पुस्तक उघडलं नसणार," सर म्हणाले. आणि ते खरंच होतं. दहा मिनिटांत ते गाणं लिहिणाऱ्या त्या पोराने तोवर एकही पुस्तक उघडलेलं नव्हतं.

अकबरला गप्प बसता आलं असतं. गप्प बसायला काही मात्रा मोजाव्या लागत नाहीत. पण तो उठून म्हणाला, "असल्या माणसाला सुपारी फोडायलाच बसवलं पाहिजे, सर."

खोली हसली. सरसुद्धा हसले. पंधरा वर्षांत अकबरच्या कुठल्याच ओळीला त्या खोलीतून एवढी दाद मिळाली नव्हती. त्याने हसतच मागे वळून पाहिलं. नूरबानू डब्याचं झाकण लावत होती. वड्या अजून कुणाला वाटल्या नव्हत्या. त्या तशाच घरी परत आल्या. त्या दिवसापासून भाकरी थापताना नूरबानूने ते गाणं गुणगुणलं नाही. अकबरच्या हे लक्षात यायला दोन वर्षं लागली, कारण तो वाचत होता.

पुढच्याच महिन्यात संतोष दुकानात आला. कुठल्याशा कंपनीने ते अडकित्त्याचं गाणं नव्याने ध्वनिमुद्रित करायला घेतलं होतं आणि त्यांना गीतकाराचं नाव हवं होतं.

"तुझं टाकतो," संतोष म्हणाला. "तुझंच आहे."

अकबरच्या डोळ्यांपुढे वाचनालयाची खोली उभी राहिली. हिंमतरावांचा कपाळावरचा हात दिसला. "माझं नको. तुझं टाक."

"वेडा आहेस का? उद्या म्हणशील..."

"लिहून देतो."

संतोष नको नको म्हणत होता. पण अकबर आता शिकलेला होता, आणि शिकलेला माणूस साध्या कागदावर पायावर धोंडा पाडून घेत नाही. त्याने स्टॅम्पपेपर आणवला. मजकुराचे तीन खर्डे केले. तिसऱ्यात असं उतरलं: 'अडकित्ता या नावाने प्रचलित असलेल्या गीताच्या शब्दरचनेशी माझा पूर्वी कोणताही संबंध नव्हता, आज नाही व पुढेही असणार नाही.' पूर्वी, आज, पुढे. वाक्याचा तोल त्याला फार आवडला. त्याने ते घरी नेऊन नूरबानूला दाखवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिने दोनदा वाचलं.

"छान झालंय," ती म्हणाली. "एकही चूक नाही."

त्यानंतर अकबरने चौसष्ट कवितांचं हस्तलिखित तयार केलं आणि सरांकडे नेऊन दिलं. इतक्या वर्षांचा अर्क होता तो. सरांनी दोन महिने ठेवून घेतलं. परत देताना त्यांचा चेहरा अपराध्यासारखा झाला होता. अकबरने उभ्या उभ्याच पानं चाळली. एकशे दहा पानांच्या समासात पेन्सिलीचा एक ठिपकासुद्धा नव्हता.

"वाचलं," सर म्हणाले. "एकही चूक नाही."

हेच शब्द आपण आधी कुठे ऐकले, ते अकबरला त्या वेळी आठवलं नाही.

यंदाच्या जूनमध्ये सरांनी वर्ग भाग्यश्रीच्या हवाली केला. सरांना शहाऐंशी झाली होती, जिना चढवत नव्हता. भाग्यश्री वाघोलीला राहते, आयटीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी गाणी लिहिते. तिने वर्गाचं रूपडंच बदललं. 'गाणं लिहायला शिकूया' असं नाव दिलं, पंधरा तरुण मुलं जमवली आणि पहिल्या रविवारी सरांना खुर्चीसकट उचलून वर आणवलं. जुन्यांपैकी हिंमतराव आणि अकबर होते. भाग्यश्रीने प्रत्येकाच्या हातात एक छापील कागद दिला.

अकबरने कागद पाहिला. त्यावर अडकित्त्याच्या चार ओळी होत्या.

"हे सगळ्यांनी नाचताना ऐकलंय," भाग्यश्री म्हणाली. "आज फक्त वाचा. संतोष यांचं गाणं आहे, ते आता नाहीत. बघा किती स्पेसिफिक आहे. प्रेम नाही, विरह नाही, एकही बिग वर्ड नाही. एक अडकित्ता, एक सुपारी, आणि दोन माणसं डोळ्यांसमोर उभी राहतात. मला फक्त 'दिलदारा' खटकतं. तिथे काहीतरी दुसरं असणार असं सारखं वाटतं. एक कुणीतरी खरा माणूस तिथून काढून टाकल्यासारखा."

सरांनी चष्मा पुसला. कागद डोळ्यांजवळ नेऊन चारही ओळी वाचल्या, मग पुन्हा वाचल्या. "मी एकदा याला हसलो होतो," ते म्हणाले. "ऐकलं होतं, वाचलं नव्हतं." त्यांनी खिशातून तांबडी पेन्सिल काढली. 'एका घावात दोन खांडं, अन् दोन्ही तुझ्याच हातात रं' या ओळीसमोर, समासात, त्यांनी एक छोटा, वाकडातिकडा गोल काढला.

सव्वीस वर्षं ज्याच्यासाठी झिजला तो गोल अकबरने चार फुटांवरून पाहिला. तो कधी उभा राहिला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"सर, हे माझं आहे."

"काय तुमचं आहे?"

"हे गाणं. मी लिहिलंय. शहाण्णव साली. 'दिलदारा' संतोषने घातलं, तिथे 'शिकलगारा' होतं."

हिंमतराव हसले. "अहो अकबरभाई, याला सुपारी फोडायला बसवा असं तुम्हीच म्हणाला होतात की! माझ्या चांगलं लक्षात आहे."

सरांनी मनातल्या मनात बोटांवर मोजलं. "शिकलगारा घातलं तर एक मात्रा जास्त होते. तुमच्या हातून मात्रा कधी चुकलेली नाही."

"तेव्हा मला मात्रा माहीतच नव्हत्या, सर."

"अकबर, खाली बसा." सरांचा आवाज मऊ होता, तेच वाईट. "सव्वीस वर्षं तुमच्या ओळी तपासल्यात मी. तुमची ओळ मला डोळे मिटून ओळखू येते. ही तुमची नाही. तुमचं आडनाव तिथे बसवलं म्हणून गाणं तुमचं होत नाही. आणि गेलेल्या माणसाचं असं घेऊ नये."

"काका, काही प्रूफ आहे का?" भाग्यश्रीने हळूच विचारलं. तिला खरोखरच वाईट वाटत होतं. "ओरिजिनल कागद वगैरे?"

"आहे," अकबर म्हणाला. "घरी आहे. आणतो." सरांच्या हातातला तो कागद त्याने जवळजवळ ओढूनच घेतला आणि तो जिना उतरला.

एकावन्न वर्षांचा माणूस शनिवार पेठेतल्या वाचनालयापासून गंज पेठेतल्या आपल्या घरापर्यंत भर दुपारी धावत गेला. ओळखीच्या शिंप्याने विचारलंही, घरी सगळं ठीक ना? अकबर थांबला नाही.

नूरबानू स्वयंपाकघरात खाली बसून खलबत्त्यात सुपारी फोडत होती. नानीचा अडकित्ता तिच्याजवळच पडला होता. त्याची धार गेल्याला किती वर्षं झाली, हे अकबरला सांगता आलं नसतं. तिने कधी सांगितलं नाही आणि त्याने कधी पाहिलं नाही.

"ते कॅलेंडरचं पान," त्याला धाप लागली होती. "ऑगस्टचं. कुठाय?"

"कशाला?"

त्याने सगळं सांगितलं. भाग्यश्री काय म्हणाली, सर काय म्हणाले, हिंमतराव कसे हसले. मग तिच्यापुढे कागद धरला. "हे बघ. गोल."

"कसला गोल?"

"ओळ ज्याची त्याची स्वतःची असली की सर काढतात. दुसऱ्या कुणालाही सुचली नसती अशी. मला कधी मिळाला नव्हता. तू चल माझ्याबरोबर. पान दाखव, आणि गाणं कुणावर आहे ते सांग. तू सांगितलंस तर ऐकतील."

नूरबानूने पदराला हात पुसून कागद घेतला. गोलावरून एकदा बोट फिरवलं. घरात त्यांचं बोलणं दखनीत चाले, पण रागावली की ती मराठीत बोलायची, आणि फारच रागावली तर 'आपण' म्हणायची. सत्तावीस वर्षांच्या संसारात ती 'आपण' एकदाच म्हणाली होती, सासू गेली त्या रात्रीही तो आठ ओळी लिहायला बसला तेव्हा.

"पान आहे," ती म्हणाली. "कपाटातच आहे. पण ते मी देणार नाही. एका शिकलगाराच्या पोराने ते माझ्यासाठी लिहिलं होतं. त्याला भर सभेत सुपारी फोडायला बसवलं, तेव्हा मी दुसऱ्या रांगेत होते."

"नूर, ते मी..."

"हा गोल त्या पोराचा आहे. आपला त्याच्याशी पूर्वी कोणताही संबंध नव्हता, आज नाही व पुढेही असणार नाही." तिला ते वाक्य अक्षर न अक्षर पाठ होतं. "आपणच लिहून दिलंय. तीन खर्डे करून."

तिने कागदाची नीट घडी घातली, ती कमरेला खोचली, आणि बत्ता उचलून सुपारीवर घातला.